घरातली साधी सुखं: मुंबईत सगळे एकाच वेळी घरी कधी असतात?

वाडीतली_माहीम:

मुंबईत जागेची टंचाई, पाण्याची टंचाई यावर सगळेच बोलतात. मला विचाराल तर घरातली सगळी माणसं एकाच वेळी घरात, जागी आणि मोकळी असणं, याची टंचाई सगळ्यात मोठी. आमच्याकडे पाच जण. लेकीचं कॉलेज सकाळी सातचं, नवरा आठच्या आत घर सोडतो, मी नवाला निघते, धाकट्याचा क्लास रात्री साडेआठला सुटतो आणि सासूबाई दिवसभर एकट्या. जेवणं सगळ्यांची होतात, पण ज्याची त्याची वेळ वेगळी. एकच आमटी रात्रीत तीनतीनदा गरम होते.

यात आम्ही बुधवारची रात्र राखून ठेवली आहे. त्या रात्री वाल सोलायचे. कडवे वाल सोमवारी रात्री भिजत घालायचे, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, बुधवारपर्यंत चांगले मोड येतात. जेवणं आटोपली की परातीत कोमट पाणी घेऊन त्यात वाल सोडायचे. साल फुगते, सैल होते. मग एकेक दाणा चिमटीत धरून हलकेच दाबला की डाळिंबी सुळकन बाहेर येते. जोरात दाबला तर थेट सोफ्याखाली. सासूबाईंचा एकच नियम आहे, डाळिंबी अख्खी हवी, तिची दोन दळं झाली तर शिजताना गाळ होतो. दुसऱ्या दिवशी ओलं खोबरं, आमसूल, गूळ आणि वरून भरपूर कोथिंबीर घालून बिरडं.

बिरडं सगळ्यांना आवडतंच, पण मी ती रात्र राखते ती दुसऱ्याच कारणासाठी. समोर बसवून लेकीला "कॉलेजात काय चाललंय?" असं विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर येतं. हात वालात आणि नजर परातीत असली की तीच मुलगी आपणहून बोलायला लागते. शाखा बदलायचं तिच्या मनात आहे हे पहिल्यांदा तिथेच कळलं. सासूबाईंची लग्नानंतरची पहिली दोन वर्षं कशी गेली हे त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं, तेही तिथेच बाहेर आलं. कोणी कोणाकडे बघत नसतं ना, म्हणून बोलणं सोपं जातं. टीव्ही बंद असतो. मोबाइल बाजूला ठेवा असं सांगावं लागत नाही, ओल्या हातांनी तो धरवतच नाही.

तुमच्याकडे असं काय आहे? सहल, हॉटेल, सिनेमा नको. घरातलं, नेहमीचं आणि वेगळे पैसे न लागणारं सांगा.

लालबागकर:

फार छान धागा काढलात. तुमचं "सगळे एकाच वेळी घरी" वाचून आमची खोली डोळ्यांपुढे आली.

वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. दुसरी पाळी लागली की दुपारी साडेतीनला आत आणि रात्री बाराला बाहेर. त्या दिवसांत आम्हा भावंडांना वडील जागे असे दिसायचेच नाहीत. आम्ही शाळेला निघताना ते झोपलेले, आम्ही परत यायच्या आत ते गेलेले. आईने यावर उपाय काढला होता. शनिवारी आम्हाला आठलाच झोपवायची आणि साडेबाराला उठवायची. वडील हातपाय धुऊन येईपर्यंत वातीच्या स्टोव्हवर कालवण गरम व्हायचं. पंपाचा स्टोव्हही होता, पण त्याच्या आवाजाने शेजारची खोली जागी झाली असती. मग सगळे गोल बसून मध्यरात्री जेवायचो. भाकरी, कालवण, कांदा. वडिलांच्या केसांत आणि भुवयांवर कापसाची पिंज अडकलेली असायची. आई वाढता वाढता ती वेचायची आणि वडील मान खाली घालून गप्प जेवत राहायचे. आम्ही आठवडाभराचं सगळं तेव्हा सांगायचो, वर्गातलं भांडण, गणितातले मार्क, सगळं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि वडील चोवीस तास घरी आले. तेव्हा उद्या ताटात काय पडणार याची काळजी होती, त्यामुळे त्या दिवसांना मी सुखाचे म्हणणार नाही. त्या मध्यरात्रीच्या जेवणांना मात्र म्हणतो. आता माझा मुलगा घरी बसून परदेशातल्या कंपनीचं काम करतो, तिकडच्या वेळेप्रमाणे. रात्री साडेबाराला त्याला अर्ध्या तासाची सुट्टी असते. मी तोवर जागा राहतो. दोघं मिळून दूधपोहे खातो. तो बोलला तर बोलतो, नाहीतर गॅलरीत उभे राहतो.

पार्ले_पूर्व:

वाचून गलबलून आलं, लालबागकर.

आमच्याकडे पत्ते. ताई सासरी गेल्यावर आम्ही तिघंच उरलो, मेंढीकोटाचा चौथा गडी गेला, तेव्हापासून पाच-तीन-दोन. तिघांना याहून चांगला खेळ नाही. तीस पानं, प्रत्येकी दहा, ज्याला पाच हात करायचे त्याने हुकूम बोलायचा. आदल्या डावाचे हात ओढताना आईच्या चेहऱ्यावर जी मजा असते ती एरवी दिसत नाही. बाबांच्या हातातून नेमका एक्का काढते ती. रोज जेवणानंतर तीन डाव, मग दिवे बंद.

मुलुंड_पूर्व:

धागा छान आहे, पण मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे, राग नसावा.

वरची सुखं कोणाच्या हातची आहेत ते बघा. लालबागकर, मध्यरात्री कालवण गरम करणारी तुमची आई स्वतः झोपायची कधी? मीही पहिल्या पावसात कांदाभजी करते, मला आवडतात करायला. कांदा उभा पातळ चिरायचा, मीठ लावून ठेवायचा, सुटेल तेवढ्या पाण्यातच बेसन कालवायचं, म्हणजे भजी कुरकुरीत होतात. बाहेरच्या खोलीत सगळे खिडकीशी बसतात, हसतात, आणि आतून एकेक घाणा जात राहतो. शेवटचा घाणा काढून मी बाहेर येते तोवर चहा पिऊन झालेला असतो आणि पाऊसही थांबलेला असतो. माझ्या घरातली माणसं वाईट नाहीत, प्रेमळ आहेत. त्यांच्या ते लक्षातच येत नाही. घरातल्या सुखाबद्दल लिहिताना ते उभ्याने करणारीला बसून मिळतं का, हेही लिहा.

लालबागकर:

मुलुंड_पूर्व, तुमचा प्रश्न रास्त आहे. आई पहाटे चारला उठायची, कारण नळाला पाणी चारलाच यायचं. दुपारी दोन ते साडेतीन आडवी व्हायची, तेवढीच तिची सलग झोप. त्या वेळात आम्ही व्हरांड्यात ओरडलो तर शेजारच्या मावशी बाहेर येऊन दटावायच्या. मजल्यावरच्या सगळ्या बायका एकमेकींची ती झोप सांभाळायच्या. आमची आई झोपली की मावशी जागी, मावशी झोपली की आई दारात तांदूळ निवडत बसलेली. पुरुषांपैकी कोणाला हे सुचलं नव्हतं, हे मान्यच करायला हवं.

वाडीतली_माहीम:

राग कसला, ताई. उलट बरं झालं विचारलंत. मी वाल निवडले त्याचं एक कारण हेच. एकटीने सोलायला बसलं तर दीड तास मान वर होत नाही, पाठीला रग लागते. पाच जण बसले की अर्ध्या तासाच्या आत परात रिकामी. भज्यांचं तसं नाही, कढईपाशी एकच माणूस लागतं आणि ते अडकून पडतं.

आपल्याकडची स्वयंपाकघरं एवढी अरुंद की दुसरं माणूस आत आलं तर पहिल्याने बाहेर जायचं. म्हणून जे काम बाहेर नेता येतं ते मी बाहेर नेते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं की सगळे मावतात. मटार सोलणं, गवार मोडणं, लसूण, पालेभाजी, भाजलेल्या दाण्यांची सालं काढणं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. घड्यांवरून तर आमच्याकडे गाणी म्हणायची पद्धत पडली आहे, चादरीची दोन टोकं धरणाऱ्या दोघांनी मिळून एक म्हणायचं. आणि भजी करायचीच तर एक घाणा नवऱ्याने काढायचा, एक मुलाने. त्यांची थोडी तेलकट होतात. खातो आम्ही.

विरार_जलद:

आमच्याकडे दोघांची नोकरी चर्चगेटला, जाऊन-येऊन चार तास गाडीत. आठवड्यात काही होत नाही हो, खरं सांगतो. रविवारी दुपारी वरणभात, तूप, लिंबू, तळलेली मिरची, आणि मग सतरंजी टाकून पंख्याखाली सगळे एका ओळीत झोपतो. साडेचारला मुलगी सगळ्यांच्या आधी उठते आणि प्रत्येकाच्या पायाचे तळवे मोजते, कोणाचा मोठा. एवढंच आहे. पुरतं.

गोरेगावचे_आजोबा:

जुलै-ऑगस्टात आमच्या घरी सकाळचं एक काम ठरलेलं असतं, तलावांचे आकडे. स्वयंपाकघराच्या दारावर मी आतून एक मोठा कागद लावला आहे. त्यावर सात रकाने: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा. वर्तमानपत्र आलं की दुसरीतला नातू त्या दिवसाचा साठा मोठ्याने वाचतो आणि निळ्या खडूने रकाना तेवढा वर चढवतो. त्याला मोठे आकडे वाचता यायला लागले ते यातूनच, कारण सातही तलाव काठोकाठ भरले की बेरीज होते १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. हा आकडा तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना न अडखळता म्हणून दाखवतो.

तुळशी सगळ्यात लहान, त्यामुळे त्याचा रकाना बोटभर, आणि तो भराभर रंगतो. भातसा अवाढव्य, शहराचं जवळजवळ निम्मं पाणी एकटा देतो. त्याचा रकाना कागदात मावेना म्हणून वर दुसरा कागद चिकटवला, तिथे पोचायला नातवाला स्टूल लागतं. तुळशी आणि विहार तर आमच्या मागच्या डोंगरातच, राष्ट्रीय उद्यानात. विहार १८६० सालचा, आमच्या खापरपणजोबांच्या काळातला, हे सांगितल्यावर त्याने विचारलं, "तेव्हा पण नळ पहाटेच यायचा का?" पवई यादीत का नाही यावरून एकदा रडारड झाली. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत हे समजावलं, पण ऐकेना. मग कोपऱ्यात पवईला एक चौकोन दिला, तो हिरवा रंगवतो.

सून हंडा भरायला घेते तेव्हा विचारते, "आज कुठलं पाणी आलंय?" तो नीट विचार करून सांगतो, "आज तानसा." मग दिवसभर सगळे तानसाचा चहा, तानसाची आमटी असंच म्हणतात. जून कोरडा गेला की मात्र त्याला चैन पडत नाही. मलाही पडत नाही.

पार्ले_पूर्व:

आजोबा, हे फार म्हणजे फार आवडलं. नातवाला सांगा, तलावातलं पाणी थेट नळाला येत नाही, भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन येतं. कागदावर त्यांनाही जागा द्यावी लागणार आता.

वर्सोव्याची:

आम्ही कोळी. आमच्याकडे सगळे एकत्र कधी असणार हे सरकारी तारखेवर ठरतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. एरवी बाबा आणि काका बोटीवर, आई उजाडायच्या आत बाजारात, आम्ही बहिणी शाळा-कॉलेजात. बोटी वर ओढून शाकारल्या की घर भरतं.

ओटीवर जाळ्यांचा ढीग येऊन पडतो. बाबा फाटलेला भाग पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरतात, एका हाताने डोळा मोजतात आणि दुसऱ्या हाताने सुई फिरवून गाठ मारतात. बघत नाहीत हाताकडे, गप्पा आमच्याशी चालू. आम्ही सुयांवर दोरा भरून द्यायचा. दोरा सैल भरला तर बाबा न बोलता ती सुई परत आमच्याकडे सरकवतात. वाडीतली ताई म्हणाल्या ते अगदी खरं आहे, हातात काम असतं तेव्हाच बाबा समुद्रातल्या गोष्टी सांगतात. वाऱ्यात इंजिन बंद पडलेलं, दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणलेलं. नुसतं "सांगा ना" म्हटलं तर हसून उठून जातात.

खायला मे महिन्यात वाळवून ठेवलेलं सुकं. बोंबील, जवळा, वाकट्या. सुका बोंबील गॅसच्या जाळीवर भाजायचा, डोकं आणि काटा काढून चेचायचा, वर कच्चा कांदा, हिरवी मिरची, लिंबू. तांदळाची भाकरी. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि सगळे एका ताटाभोवती.

मुलुंडच्या ताईंनी विचारलं ना, करणारीला मिळतं का. आमच्याकडे या दोन महिन्यांत मिळतं. जाळं हे पुरुषांचं काम, मासळी विकणं बायकांचं. मासळीच नाही म्हणजे बाजार नाही, म्हणजे आई दुपारी झोपते. वर्षभरात तेव्हाच झोपते. पैशाची ओढाताण असते, ते लपवत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत प्रत्येक रुपया मोजून खर्च होतो. तरी आईला विचारा कुठला महिना आवडतो, ती आषाढच सांगेल.

विरार_जलद:

सुके बोंबील पावसात मऊ पडतात आमच्याकडे, वास धरतात. कसे ठेवता?

वर्सोव्याची:

पावसाच्या आधी पुन्हा एकदा कडक ऊन दाखवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचे आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम असताना झाकण लावलं की आत घाम धरतो आणि सगळा डबा जातो. लागतील तेवढेच काढायचे, ओला हात घालायचा नाही.

वरळी_नवं_घर:

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी बांधलेल्या ५५६ नव्या घरांच्या चाव्या दिल्या, त्यात माझ्या मामांचं घर होतं. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत.

जुन्या चाळीच्या आठवणी मलाही प्रिय आहेत, सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. पण त्या आठवणी काढणाऱ्याने मजल्यावरच्या सामाईक संडासाची रांगही आठवावी, पोट बिघडलेल्या दिवशीची. नवीन घरात पहिल्या सकाळी मामी न्हाणीघरात गेली ती पाऊण तास बाहेर आली नाही. सगळे घाबरले. केस धुऊन, टॉवेल गुंडाळून आली आणि म्हणाली, "कोणी दार वाजवलं नाही." साठीची बाई, आयुष्यात पहिल्यांदा दाराबाहेर कोणी ताटकळत नसताना नहाली. मुलुंड_पूर्व, तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर हे. त्या दिवशी स्वयंपाक मामाने केला होता, खिचडी आणि पापड.

एक अडचण झाली आहे. पूर्वी जेवायला हाक मारावी लागायची नाही, ताटांचा आवाज झाला की सगळे ऐकायचे, कारण सगळे तिथेच. आता आतल्या खोलीत दार लावून बसलेल्या मुलाला ऐकू जात नाही. मामीने नियम केला आहे की झोपताना सोडून आतलं दार लावायचं नाही. मुलगा कुरकुर करतो. माझ्या मते मामी बरोबर आहे, पण मुलगा बावीस वर्षांचा आहे आणि जन्मात पहिल्यांदा त्याला दार मिळालंय, हेही मला समजतं.

वाडीतली_माहीम:

मामींना सांगा, जेवायच्या वेळेपुरतं दार उघडं ठेवायला सांगावं, बाकी वेळ त्याला त्याचं दार असू द्यावं. आमच्या लेकीला दार नाही, पडदा आहे. ती पडद्याचं टोक उशीखाली खोचून झोपते. एकत्र बसायची ओढ लागायला आधी थोडं एकटं राहता आलं पाहिजे, असं मला तिच्याकडे बघून वाटायला लागलंय.

लालबागकर:

हे पटलं. आम्हाला एकटं राहायला गच्चीची टाकी होती. टाकीच्या मागे जो बसलेला असेल त्याला कोणी हाक मारायची नाही, असा अलिखित नियम होता. आईसुद्धा बसायची कधीकधी.

मुलुंड_पूर्व:

परत आले. परवा रात्री हा सगळा धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला. माझी स्वतःची पोस्टही वाचली, नाव न सांगता. भज्यांपाशी आल्यावर सगळे गप्प झाले. मुलगा म्हणाला, "आई, ही तू आहेस."

नवरा म्हणाला पुढच्या वेळी टेबलावर इंडक्शन ठेवू, सगळ्यांसमोर तळू. बघू, पाऊस आहेच अजून. पण त्याआधी सासऱ्यांनी काल मंडईतून कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणल्या आणि नेहमीप्रमाणे ओट्यावर न ठेवता वर्तमानपत्र पसरून स्वतः निवडायला बसले. मी चहा घेऊन शेजारी बसले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली त्यांना. अर्धी जुडी होईपर्यंत त्यांनी मला टपाल खात्यात लागले तेव्हाची, भायखळ्याच्या पहिल्या बदलीची गोष्ट सांगितली. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी एवढा वेळ सलग बोलणं पहिल्यांदाच झालं. देठं मात्र त्यांनी सगळी काढून टाकली, कोवळीसुद्धा. मी काही बोलले नाही.

ठाकुरद्वारची:

न बोलून छान केलंत. पुढच्या वेळी देठं वेगळ्या वाटीत ठेवायला सांगा. कोवळी देठं, ओलं खोबरं, मिरची, लसूण आणि चिंचेचं बोटुक, पाट्यावर किंवा मिक्सरवर, अगदी थोड्या पाण्यात. पानांच्या चटणीपेक्षा जास्त वास येतो हिला. जून देठं धुऊन आमटी उकळताना दोऱ्याने बांधून सोडा आणि वाढायच्या आधी काढून घ्या.